जोमाबाबाची जीभ

भिजलेल्या काळ्या मनुकांचा वास सकाळच्या पहिल्या उन्हात आला, की तो नुसता गोड राहत नाही. त्यात थोडी मातीची, थोडी जुन्या लाकडी पेटीची आणि, का कोण जाणे, थोडी सणाच्या आदल्या दिवसाची छटा मिसळते. पनवेलच्या आमच्या भाड्याच्या घरात आश्विनातल्या त्या सकाळी खिडकीतून खाडीचा खारा वारा येत होता, पलीकडच्या शेतांतून निसवलेल्या भाताचा दुधाळ सुगंध येत होता, आणि या दोहोंच्या मधोमध मी पदर खोचून, पातेल्यात हात घालून, मनुका कुस्करत बसले होते. आज इतक्या वर्षांनी वाण्याच्या दुकानात मनुकांच्या गोणीपाशी उभी राहिले, तरी तोच प्रहर भोवती दरवळू लागतो आणि मला हसू येते. त्या हसण्याच्या तळाशी थोडी लाज आहे, पण आता तिची माझी चांगली ओळख झाली आहे.

मनुका होत्या प्रभुभोजनासाठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची छोटीशी ख्रिस्ती मंडळी प्रभूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट वाटून घेई. शास्त्रात तो द्राक्षारस आहे खरा. पण स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षे झाली होती, राज्यात दारूबंदी होती, आणि आमच्यातले वडीलधारे या बाबतीत सरकारपेक्षाही कडक होते. म्हणून आमच्या प्याल्यात मनुकांचा ताजा, निरुपद्रवी रस असे. तो करण्याचा मान पाळकसाहेबांच्या पत्नीचा. त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नाशिकला गेल्या आणि जाताना ते काम माझ्याकडे, म्हणजे मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे, सोपवून गेल्या. मला इतका आनंद झाला, की आमचे यजमान म्हणाले, तुला मामलेदार केले असते तरी तू एवढी फुलली नसतीस.

कृती मला शिकवली शेजारच्या रिबकामावशींनी. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. त्यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेसाठी मनुकांचे असेच सरबत होई. पनवेलच्या त्या गल्लीत दोन निरनिराळ्या धर्मांची पवित्र पेये एकाच वाण्याच्या मनुकांतून निघत होती, आणि त्याचे कुणालाच नवल वाटत नव्हते. मावशींची शिकवण अगदी थोडक्यात होती. रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करायचे, पंच्यातून गाळायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. शेवटच्या सूचनेवर त्यांनी बोट उगारून जोर दिला होता, हे मला नंतर आठवले. नको तेव्हा आठवले.

इथे माझ्या स्वभावाविषयी सांगितले पाहिजे. मी मूळची नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा उपदेशक झाले, आणि आमच्या घरात दारू तर सोडाच, विडीचा धूरही कधी उंबरा ओलांडून आला नाही. या स्वच्छतेचा मला फार अभिमान होता. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, दिवे लागायच्या सुमारास, आमच्या कौलारू प्रार्थनामंदिरात तयारीची सभा भरे. तिथे प्रत्येकाने आपले अंतःकरण तपासावे, कुणाशी वैर असेल तर ते मिटवावे, आणि मनावर काही ओझे असेल तर सर्वांदेखत बोलून टाकावे, अशी रीत होती. ज्याला आपण प्याल्याला पात्र नाही असे वाटे, तो दुसऱ्या दिवशी गुपचूप शेवटच्या बाकावर बसे; कुणी कारण विचारत नसे. मी डोळे मिटून अंतःकरण तपाशी, आणि ते मला नेहमी आवरलेल्या खोलीसारखे दिसे. मग उरलेला वेळ मी इतरांच्या पापांचा विचार करण्यात घालवी. खोटे कशाला सांगू, तो वेळ फार चांगला जाई.

त्या शनिवारांचे खरे नायक होते जोमाबाबा. कोन गावचे हे आगरी शेतकरी, साठीच्या घरातले, काळेसावळे, ताडासारखेच उंच. उमेदीचा सगळा काळ त्यांनी ताडीपायी घालवला होता. मग एका दुखण्यात दवाखान्यात महिनाभर पडून असताना प्रभूचे नाव ऐकले, बाप्तिस्मा घेतला आणि ताडी सोडली. त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. दर रविवारी ते कोनहून पायी येत. शनिवारच्या सभेत दर महिन्याला तीच कबुली देत: वाटेवर ताडाची झाडे आहेत, मडकी लावलेली असतात, वास येतो, आणि मी मान फिरवून चालतो, पण नाक काही फिरत नाही. लोक गालातल्या गालात हसत. मला मात्र ते थोडे गावंढळ वाटे. पाप असे मडक्यासकट वर्णन करून सांगायची काय गरज, असे माझ्या नगरी मनात येई.

तर आश्विनातली ती सकाळ. पाळकबाई आता परतणार होत्या, माझे हे काम संपत आले होते, आणि जाता जाता असा रस करावा की मंडळीला फरक कळावा, अशी इच्छा माझ्या मनात रुजली. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो. मग रस का मुरू नये? मी रविवारसाठीच्या मनुका मंगळवारीच भिजवल्या, बुधवारी कुस्करून गाळल्या, त्यात चांगला लिंबाएवढा गूळ घातला, आणि बाटलीला बूच घट्ट बसवून ती खिडकीत, आश्विनाच्या त्या भाजणाऱ्या उन्हात ठेवून दिली. शुक्रवारी बूच जरा वर आलेले दिसले. मी ते पुन्हा दाबले. शनिवारी वास बदलला होता, थोडा झणझणीत, नाकात शिरणारा झाला होता. मला वाटले, वा, काय मुरला आहे. दारूचा वास कसा असतो हे मला ठाऊकच नव्हते. तीन पिढ्यांनी मला इतके जपून वाढवले होते, की मी स्वतःच्या हाताने दारू गाळली आणि तिला ओळखले नाही.

रविवारी प्याल्यातला रंग माणकासारखा दिसत होता. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला, घोट घेतला आणि किंचित भुवया उंचावल्या. पण तेही माझ्यासारखेच पिढीजात ख्रिस्ती, त्यांना काय कळणार. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, असा प्याला हातोहात फिरला. जोमाबाबांनी घोट घेतला आणि त्यांचे हात थांबले. चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन उतरून गेले. शेजाऱ्याने हलकेच प्याला काढून घेतला, तरी त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मी ते पाहिले आणि मनात म्हटले, किती तल्लीन झाला आहे म्हातारा. आज रस खरोखरच उत्तम झाला असला पाहिजे.

दुपारी यजमान फिरतीवरून परतले. ते मामलेदार कचेरीत कारकून, आणि पकडलेल्या हातभट्टीचे डबे त्यांच्या शेजारच्याच खोलीत ठेवलेले असत. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केले, बाटली उचलली, वास घेतला आणि खुर्चीत बसून इतके हसले, की शेवटी त्यांना पाणी द्यावे लागले. येताना रस्त्यावरून शेवटचे गीत ऐकले, म्हणाले, आज मंडळी एवढी सुरात कशी, हे कोडे आता सुटले. मग त्यांनी गंभीर चेहरा करून सांगितले, की कायद्याने त्यांना आपल्याच घरावर छापा घालणे भाग आहे. मी मात्र हसले नाही. उरलेला रस मी परसातल्या पपईच्या बुंध्याशी ओतला, बाटली राखेने तीनदा घासली, आणि त्यांच्याकडून वचन घेतले की हे कुणाला सांगायचे नाही. सांगून काय होणार होते? कुणाला बाधा झाली नव्हती, कुणाला कळलेही नव्हते. उगाच मंडळीत चर्चा, पाळकसाहेबांना खेद, आणि पाळकबाईंना आनंद; हे कारण रांगेत शेवटी उभे असले तरी खरे तेच होते.

महिना सरला. भात पिवळे झाले, कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून लख्ख वर आला, हवेला कापलेल्या पेंढ्याचा वास लागला. पाळकबाई अजून आल्या नव्हत्या. मी मावशींनी सांगितल्याबरहुकूम रस केला आणि शनिवारच्या सभेला आवरलेल्या अंतःकरणाने जाऊन बसले. जोमाबाबा उठले. या वेळी मडक्याची गोष्ट नव्हती. ते खाली पाहत बोलले.

"पालकसायेब, गेल्या खेपेला परभूच्या प्याल्यात मना ताडीचा सवाद लागला. सगल्यांना गोड लागला, मनाच तसा लागला. म्हंजे खोट प्याल्यात नाय, माज्या जिभेत हाय. तीन वरसं झाली, पन ती अजून त्या झाडावरच बसलेली हाय. तवा मी आता मरेपरयंत प्याला घेनार नाय."

पाळकसाहेब विचारात पडले. त्यांच्यासारख्या सज्जन माणसाला या कबुलीवर काय औषध द्यावे ते सुचत नव्हते, आणि त्यांनी आशेने सभेकडे पाहिले. बोलायला हवे होते ते मीच. एक वाक्य पुरले असते. मी उठले, तोंड उघडले, आणि माझ्या तोंडून वाक्य नव्हे, प्रार्थना बाहेर पडली. आमच्या या दुर्बळ भावाच्या जिव्हेवरील जुन्या वासनेचे बंधन तू तोड, प्रभो, असे मी म्हणाले; त्याच्या रसनेला शुद्ध कर, असेही म्हणाले; आजोबांच्या घराण्याला शोभेल अशा भाषेत मी जोमाबाबांसाठी पाच मिनिटे रदबदली केली, आणि सर्वांनी आमेन म्हटले.

बाहेर पडताना जोमाबाबा माझ्यासाठी थांबले होते. हात जोडून म्हणाले, "बाय, लय चांगली परार्थना केलीस. माज्या नावानं असं कुनी कंदी बोललं नवतं."

दुसऱ्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले. ताठ बसले, गीते म्हटली, आणि प्याला फिरू लागला तेव्हा मान खाली घातली. माझ्या हातात प्याला आला, आणि तो मी ओठांना लावल्यासारखे करून पुढे दिला. पाप या विषयावर मी कितीतरी प्रवचने ऐकली होती, मुलींना धडे दिले होते. पण ते असे असते हे मला माहीत नव्हते. ते मडक्यात नव्हते आणि बाटलीतही नव्हते. आंबलेल्या रसाचे एकवेळ हसू झाले असते. त्यावर मी जी सुंदर, शुद्ध, अलंकारिक प्रार्थना झाकण म्हणून ठेवली होती, ते माझे पाप होते, आणि त्याचे ओझे एक म्हातारा माझ्याऐवजी वाहत होता, वर माझे आभार मानत होता.

चार दिवस जेवण गोड लागले नाही. यजमानांनी चेष्टा करणे बंद केले, यावरून माझी अवस्था ओळखावी. शाळेला सुटीचा दिवस आला, आणि सकाळीच मी पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसून कोनच्या फाट्यावर उतरले. दवाने भिजलेल्या बांधांवरून चालताना मी मनातल्या मनात कबुलीजबाब रचत होते. तो चांगला लांब होता. त्यात आरंभी माझ्या अपात्रतेचे वर्णन होते, मध्ये घडलेली हकिकत होती, आणि शेवटी क्षमायाचना होती. एका ठिकाणी थोडे रडावे असेही मी ठरवले होते.

जोमाबाबा खळ्यात भात झोडत होते. सोनेरी कोंडा उन्हात उडत होता, त्यांची बायको सुपाने वारवत होती. मला पाहून दोघेही थांबले. मी आरंभ केला, आणि अपात्रतेच्या वर्णनातून निघून कशीबशी हकिकतीपर्यंत पोचले. बाबा, त्या दिवशी तुमच्या जिभेची काही चूक नव्हती, म्हणाले, तो रस मीच चार दिवस आधी करून...

"आंबला व्हता?" जोमाबाबांनी विचारले.

मी मान हलवली. पुढची क्षमायाचना ओठांवर तयार होती. पण जोमाबाबांनी हातातली पेंढी खाली टाकली आणि बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आयकलंस का गो? माजी जीभ खोटी नाय. ती बराबर हाय." आणि मग ते हसू लागले, आधी पोटातून, मग खांद्यांतून, मग सगळे उंच शरीर डोलवत, बायको पदर तोंडाला लावून हसू लागली, खळ्यावरच्या चिमण्या उडाल्या. मास्तरीणबाईने दारू गाळली, आणि ती देवळात वाटली, हे त्या दोघांना एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटत होते. माझी क्षमायाचना कुणी मागितलीच नाही. मला सुटल्यासारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. मी एवढ्या लांबून एवढे मोठे पाप घेऊन आले होते, आणि या माणसाने ते अर्ध्यातच उतरवून घेतले.

पण एक गोष्ट उरली होती. मी म्हणाले, अजून संपले नाही, बाबा. त्या शनिवारी मी तुमच्यासाठी प्रार्थना केली, तेव्हाही मला हे ठाऊक होते. त्यांचे हसू थांबले. ते खाली बसले, मूठभर दाणे उचलून बोटांतून गाळत राहिले. रचलेल्या भाषणातले एकही वाक्य आता मला आठवत नव्हते, आणि रडू आले ते ठरवलेल्या ठिकाणी आले नाही.

"नाव माजं घेतलंस, बाय," शेवटी ते म्हणाले, "पन लागली ती तुलाच. बग, कोनपरयंत चालवत आनलं तिनं. परार्थना वाया नाय गेली."

मग त्यांच्या बायकोने मला हात धरून ओसरीवर बसवले आणि नव्या तांदळाची भाकर नि कोलंबीचे कालवण वाढले. चार दिवसांनी मी पोटभर जेवले.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारच्या सभेत मी सगळे सांगितले. अलंकार वगळून, बाटलीसकट, पपईसकट. पाळकबाई नाशिकहून परतल्या होत्या आणि पहिल्याच बाकावर बसल्या होत्या. मी निंदेला तयार होते. आधी कुणीतरी खोकल्यासारखे केले, मग पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला, आणि मग सगळी मंडळी, पाळकबाईंसकट, अशी हसली की तयारीची सभा पुढे चालवणे कठीण झाले. जोमाबाबा सर्वांना अभिमानाने सांगत होते, की एवढ्या लोकांत कळले ते त्यांना एकट्यालाच.

तरीही रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. लोक हसले म्हणून पाप हलके होत नाही, त्याचे प्रायश्चित्त घेतलेच पाहिजे, असे मी ठरवले होते. निदान सहा महिने प्याल्याला हात लावायचा नाही. बाकावर बसताना मला जरा उदात्तही वाटत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. मार्गशीर्षातले कोवळे ऊन कौलांच्या फटीतून जमिनीवर पडले होते. भाकर वाटून झाली. प्याला पुरुषांच्या रांगेतून सरकत जोमाबाबांपर्यंत आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि पिण्याऐवजी ते उठले. रीत मोडून, मधली वाट ओलांडून, अनवाणी पायांनी ते बायकांच्या बाजूने चालत मागे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. पाळकसाहेबांचा हात तसाच थांबला. मी मान हलवली. मी पात्र नाही, एवढेच कुजबुजले.

"मीपन नाय घेतला अजून," जोमाबाबा हळूच म्हणाले. "तू घे, मंग मी."

दोन महिने त्या माणसाच्या ओठांना प्याला लागला नव्हता. माझ्यामुळे लागला नव्हता. आणि आता माझ्या उदात्त प्रायश्चित्तामुळे तो आणखी एकदा, प्याला हातात असून, तहानलेला उभा होता. मी पात्र आहे की नाही, हे त्यांनी विचारलेच नव्हते. मी घोट घेतला. मग त्यांनी तिथेच उभे राहून, डोळे मिटून घेतला, जिभेवर जरा वेळ घोळवला, आणि माझ्याकडे पाहून अगदी गंभीरपणे, खात्री पटल्यासारखी, मान डोलावली.

कृपा मिळवायला माणसाला किती वाट चालावी लागते, असे पुढे शाळेतल्या मुलींनी मला कधीकधी विचारले. पुस्तकातले उत्तर मी देते. पण माझे स्वतःचे विचाराल तर मला एवढेच सांगता येते, की त्या सकाळी प्याला माझ्याकडे चालत आला, आणि मी जागची हललेही नव्हते.